गोव्याचे ‘चार्टर’ : समुद्र इथला, हंगाम तिथला

गोव्यातला विदेशी पाहुणा कुठे गेला, हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरच्या तोंडावर नव्याने विचारला जातो. उत्तरेही ठरलेली असतात : टॅक्सीवाले, कचरा, हॉटेलांचे वाढलेले दर, किनाऱ्यावरचा गोंगाट. या उत्तरांत तथ्य नाही असे नाही. परंतु जो पाहुणा का गेला असे विचारायचे, तो मुळात का आला होता, हे आधी तपासायला हवे. त्याचे उत्तर कळंगुटच्या वाळूत थोडे आणि युरोपातल्या विमानविषयक नियमांत पुष्कळ सापडते. त्याविषयी हा धागा. जरा लांब आहे, पण विषयच तसा आहे.

आधी शब्द समजून घेऊ. एसटीची नियमित गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटते. चार प्रवासी असोत वा चाळीस, तिला जावेच लागते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरवलेली गाडी वेगळी. ती सबंध भाड्याने घेतलेली असते, तिच्यात एकही आसन रिकामे राहू नये याची काळजी यजमान घेतो आणि म्हणून माणशी खर्च कमी पडतो. चार्टर विमान म्हणजे हे वऱ्हाड. फरक एवढाच की वऱ्हाड सोडून गाडी परत येते ती रिकामी, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसेही यजमानालाच मोजावे लागतात.

सहल-कंपन्यांची खरी हुशारी या रिकाम्या फेरीचा काटा काढण्यात आहे. दर आठवड्याला ठरल्या वारी विमान नवी तुकडी उतरवते आणि आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या तुकडीला घेऊन परत जाते. अख्ख्या हंगामात रिकाम्या फेऱ्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी उरतात : पहिल्या तुकडीला सोडून परतताना आणि शेवटच्या तुकडीला आणायला जाताना. सुट्टी सात दिवसांची किंवा चौदा दिवसांचीच का, मधलीच दहा दिवसांची का नाही, याचे उत्तर हे आहे. पाहुण्याचा मुक्काम त्याच्या हौसेने ठरत नाही, विमानाच्या फेरीने ठरतो.

ही कल्पना साधी आहे. ती प्रत्यक्षात यायला १९५० साल का उजाडावे लागले, हा खरा इतिहासाचा प्रश्न.

१९४४ च्या शिकागो करारानंतर नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा ही दोन सरकारांनी आपसांत ठरवण्याची बाब झाली. कोणती कंपनी उडणार, आठवड्यातून किती वेळा उडणार, हे करारांत लिहिलेले असे. भाडी विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवी आणि सरकारे त्यांवर शिक्का मारीत. बहुतेक देशांची मुख्य विमान कंपनी सरकारी किंवा निमसरकारी होती आणि तिचे संरक्षण हे जणू राष्ट्रीय कर्तव्यच मानले जाई. अनियमित, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या उड्डाणांसाठी मात्र त्याच करारात एक निराळे कलम होते. सारा चार्टर-व्यवसाय त्या फटीतून आत शिरला.

ती फट पहिल्यांदा पैशात बदलणाऱ्यांत व्लादिमीर राइट्झ यांचे नाव घेतले जाते. जन्म मॉस्कोचा, नोकरी रॉयटर्स वृत्तसंस्थेत. कॉर्सिका बेटावरील काल्व्ही या गावी त्यांनी सुट्टी घालवली आणि तिथे माणसे विमानाने आणता येतील, असा हिशेब मांडला. होरायझन हॉलिडेज ही त्यांची कंपनी. १९५० च्या उन्हाळ्यात त्यांनी भाड्याच्या डकोटा विमानाने प्रवासी नेले. प्रवास, तंबूतला मुक्काम आणि जेवण मिळून दर माणशी साडेबत्तीस पौंड. ब्रिटनमध्ये तेव्हा मांसावर युद्धकालीन रेशन चालू होते, ते १९५४ पर्यंत उठले नाही. काल्व्हीला मात्र दोन वेळा मांस आणि सोबत वाइन. त्या ग्राहकाला समुद्राइतकेच ताटाचेही आकर्षण असले पाहिजे.

परंतु या कथेतला महत्त्वाचा तपशील ताटाचा नाही, परवान्याचा आहे. राइट्झ यांना परवानगी मिळायला महिने लागले, आणि मिळाली ती अटीवर : विमानात फक्त विद्यार्थी आणि शिक्षक बसवायचे. असे का? शिक्षकांविषयी सरकारला विशेष जिव्हाळा होता असे दिसत नाही. सरकारी विमान कंपनीचे पूर्ण भाडे भरू शकणारा प्रवासी या स्वस्त विमानाकडे वळू नये, एवढाच हेतू. म्हणजे स्वस्त आसनावर कोण बसणार, हे पहिल्या दिवसापासून सरकारने ठरवले होते. हा तपशील लक्षात ठेवावा. गोव्याच्या प्रकरणात तो पुन्हा भेटेल.

ब्रिटिश सरकारने पुढे आणखी एक नियम लावला. विमान, हॉटेल, जेवण मिळून सहलीची जी किंमत होईल, ती त्याच ठिकाणच्या नियमित विमानाच्या परतीच्या भाड्याहून कमी असता कामा नये. म्हणजे हॉटेल फुकट दिले तरी सहल भाड्याखाली विकता येत नव्हती. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हे बंधन या ना त्या रूपात टिकले. दुसरीकडे १९६६ मध्ये पौंड संकटात आला तेव्हा परदेशी जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला माणशी फक्त ५० पौंडांचे परकीय चलन नेण्याची मर्यादा आली. ती १९७० मध्ये उठली. या मर्यादेने सहल-कंपन्या बुडायला हव्या होत्या. झाले उलटे. विमानाचे पैसे मायदेशीच पौंडांत भरले जात, ते या पन्नासांत धरले जात नसत. स्वतःच्या हिमतीने फिरणाऱ्याला पन्नास पौंड पुरेनात, सहलीवाल्याला पुरले. पॅकेज सहल लोकप्रिय झाली ती केवळ स्वस्त म्हणून नव्हे, त्या काळात परदेशी जाण्याचा तोच सरळ मार्ग उरला होता म्हणूनही.

आता हिवाळा.

चार्टर कंपनीचे विमान उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर अहोरात्र फेऱ्या मारते. नोव्हेंबरमध्ये तेच विमान धावपट्टीच्या कडेला उभे राहते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, वैमानिकाचा पगार थांबत नाही. अशा वेळी इंधनाचा आणि विमानतळाचा खर्च भागून चार पैसे सुटले, तरी विमान उडवणे न उडवण्यापेक्षा बरे. गरज असते ती एकाच गोष्टीची : युरोप गोठलेला असताना जिथे ऊन आहे आणि जिथवर विमान पोहोचते, असा किनारा.

स्कँडिनेव्हियाला असा किनारा सर्वांत आधी हवा होता, कारण अंधार तिथे सर्वांत दाट. १९५७ च्या नाताळात स्वीडनहून चार्टर विमान ग्रान कानारिया बेटावर उतरले. आजच्या कॅनरी बेटांवरील हिवाळी पर्यटनाची सुरुवात तिथपासून मोजतात. १९६५ मध्ये स्वीडिश प्रवाशांचीच एक तुकडी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात पोहोचली, तो देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी. विमानांचा पल्ला वाढत गेला तसतसे हे किनारे दूर सरकत गेले. गोवा या साखळीतला एक मणी आहे. गोव्यात बसून पाहिले की गोवा अद्वितीय वाटतो. लंडनच्या वा फ्रँकफुर्टच्या कार्यालयातल्या नकाशावर मात्र तो ‘हिवाळ्यात २५ ते ३२ अंश तापमान, कोरडे हवामान, स्वस्त खोल्या’ अशा एका रकान्यात गांबिया, श्रीलंका, थायलंड यांच्यासोबत बसलेला असतो.

गोव्याच्या बाजूची पूर्वपीठिकाही विसरता येणार नाही. दाबोळीची धावपट्टी पर्यटनासाठी बांधलेली नाही. भारताने पोर्तुगीज वसाहतीची आर्थिक नाकेबंदी केल्यावर १९५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती उभारली आणि ‘ताइप’ या वसाहतीच्या स्वतःच्या विमानसेवेने कराची, दमण, दीव यांच्याशी संपर्क ठेवला. नाकेबंदीवरचा तो तोडगा होता. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला आणि विमानतळ भारतीय नौदलाकडे गेला. आजही तिथे ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे आणि कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते. चार्टर विमानांच्या आडनिड्या वेळांमागे जी कारणे होती, त्यांत हेही एक.

साठ-सत्तरच्या दशकांत हणजुणे-कळंगुटला आलेले हिप्पी बहुतांशी जमिनीच्या मार्गाने आले : तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले आणि तो रस्ता बंद पडला. सरकारला तसाही हा पाहुणा फारसा नको होता. महिनोन्महिने राहणारा, थोडे खर्च करणारा आणि हिशेबात न सापडणारा. १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्यालगत ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले आणि १९८३ मध्ये राष्ट्रकुल शिखर परिषदेतील नेते दिल्लीहून विश्रांतीच्या बैठकीसाठी गोव्यात आणले गेले. गोवा जगाला कसा दाखवायचा, याविषयी दिल्लीचे मत त्या निवडीत स्पष्ट होते.

आणि मग १९८७. त्या एका वर्षात गोव्यात किती गोष्टी एकत्र आल्या, पाहा. फेब्रुवारीत राजभाषा कायदा, ३० मे रोजी घटक राज्याचा दर्जा, त्याच वर्षी पर्यटनाचा मोठा आराखडा, आणि त्याच वर्षी जर्मनीहून आलेले पहिले चार्टर विमान दाबोळीवर.

त्याचे स्वागत कसे झाले, हे आजच्या पर्यटन-पुस्तिकांत लिहिलेले नसते. ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने निदर्शने केली. पाहुण्यांना पत्रके वाटली गेली, त्यांच्या बसवर शेण फेकले गेले. शेणाच्या बातम्या झाल्या, पत्रकांतला मजकूर मागे पडला. त्या मजकुरातले प्रश्न असे होते : हॉटेलच्या तरणतलावाला पाणी मिळते आणि शेजारच्या वाड्यावरची विहीर आटते, ते का? किनाऱ्यावर होडी ओढून ठेवण्याचा रापणकाराचा हक्क कोणी काढून घेतला? येणाऱ्या पैशांतला किती भाग गोव्यात उतरतो?

या मंडळींना तेव्हा विकासविरोधी ठरवण्यात आले. शेण फेकणे समर्थनीय नव्हते. ज्याच्या अंगावर ते पडले, त्या जर्मन कामगाराने वा कारकुनाने वर्षभर साठवलेल्या पैशांतून सुट्टी घेतली होती, एवढाच त्याचा अपराध. पण प्रश्न विचारणारे चुकले नव्हते, हे आज इतक्या वर्षांनी म्हणायला हरकत नसावी. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ मध्ये केंद्राने सागरी किनारा नियमन अधिसूचना काढली, तिच्यामागे याच प्रकारची अस्वस्थता होती. त्याही आधी, १९८१ मध्ये, इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. ते पत्र किती पाळले गेले, ते कांदोळीहून बागेपर्यंत चालत गेल्यास कळते.

तिसरा प्रश्न, पैशाचा, जरा खोलात जाऊन पाहिला पाहिजे. कारण तिथेच या व्यवसायाचा गाभा आहे.

मँचेस्टरमधला ग्राहक सहलीचे सगळे पैसे मँचेस्टरमध्येच भरतो. त्यातून विमानाचे, इंधनाचे, जाहिरातीचे, विक्रेत्याच्या दलालीचे पैसे तिकडेच वळते होतात. गोव्यातल्या हॉटेलवाल्याशी कंपनीने हंगामाच्या कितीतरी आधी करार केलेला असतो : इतक्या खोल्या आमच्यासाठी राखून ठेवायच्या, दर अमुक, आणि न विकल्या गेलेल्या खोल्या आम्ही ठरावीक दिवस आधी सोडून देऊ. ऐकायला सोयीचे वाटते. प्रत्यक्षात खोली राखण्याची जबाबदारी हॉटेलवाल्याची आणि ती सोडण्याचा अधिकार कंपनीचा. अचानक सोडलेली खोली ऐनवेळी भरायची कोणाच्या जिवावर? बडे हॉटेल दर धरून बसू शकते. कांदोळीतल्या वीस खोल्यांच्या घरगुती हॉटेलवाल्याला दर पाडण्यावाचून पर्याय नसतो, कारण शेजारी तसाच एक बसलेला असतो आणि त्याच्यापलीकडे श्रीलंकेतला.

म्हणून ‘चार्टरने गोव्याला समृद्ध केले’ आणि ‘चार्टरने गोवा लुटला’ ही दोन्ही वाक्ये सारखीच आळशी आहेत. पैसा आला. शॅकवाल्याकडे आला, मोटारसायकल भाड्याने देणाऱ्याकडे आला, बार्देसमधल्या ज्या कुटुंबांनी मागच्या अंगणात चार खोल्या बांधल्या त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला आला. दोन आठवडे एकाच गावी राहणारा पाहुणा शनिवार-रविवार येऊन जाणाऱ्यापेक्षा गावात अधिक मुरतो. तोच वेटर, तीच खुर्ची, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. हे नाते खोटे नव्हते. पण किती येणार, कधी येणार, कोणत्या दराने येणार, यांतले काहीही गोव्याच्या हातात नव्हते. मासे इथे, गळ इथे, आणि दोरी भलत्याच्याच हातात.

दोरी ओढली गेल्यावर काय होते, याचे उदाहरण गांबियाने आधीच घालून दिले होते. १९९४ मध्ये तिथे लष्करी उठाव झाला. त्यात रक्त सांडले नाही, एकाही पर्यटकाला ओरखडा उठला नाही. परंतु ब्रिटिश परराष्ट्र खात्याने नागरिकांना तिथे न जाण्याचा सल्ला दिला, सहल-कंपन्यांनी विमाने काढून घेतली आणि त्या हंगामात हॉटेले ओस पडली. कंपन्यांची विमाने रिकामी राहिली का? नाही. ती दुसऱ्या उन्हाकडे वळली. हॉटेल वळवता येत नाही.

गोव्याला हा धडा हप्त्याहप्त्याने मिळाला. एकविसाव्या शतकात ब्रिटिशांपाठोपाठ रशियन प्रवाशांची मोठी लाट आली. मोरजीत दुकानांवर रशियन लिपीतल्या पाट्या लागल्या, खानावळींतून बोर्श्ट मिळू लागले. २०१४ मध्ये क्रिमियानंतरचे निर्बंध आणि तेलाच्या भावातली घसरण यांनी रूबल कोसळला. रशियन मध्यमवर्गीयाची दोन आठवड्यांची सुट्टी काही महिन्यांत परवडेनाशी झाली आणि विमाने कमी झाली. मोरजीतल्या कोणाही टॅक्सीवाल्याने क्रिमियात काही केले नव्हते.

मग २३ सप्टेंबर २०१९. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंतच्या रेल्वेसहलीने ज्याच्या धंद्याचा आरंभ झाला, त्या थॉमस कुकच्या नावाची ब्रिटिश कंपनी एका रात्रीत बंद पडली. (भारतातली त्याच नावाची कंपनी तेव्हा निराळ्या मालकीची होती. ती बुडाली नाही. त्या आठवड्यात तिला हा खुलासा घसा कोरडा होईपर्यंत करावा लागला.) बाहेरदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले. हे शक्य झाले, कारण ब्रिटनमध्ये १९७३ पासून सहल-ग्राहकांच्या संरक्षणाची परवाना-पद्धत आहे आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये कोर्ट लाइन ही मोठी कंपनी बुडून हजारो लोक परदेशी अडकल्यावर तिला निधीची जोड मिळाली. ग्राहकाला विमा आहे, हमी आहे, परतीचे विमान आहे. ते असायलाच हवे. पण त्याच कंपनीकडे ज्या हॉटेलांचे पैसे थकले होते, ती देशोदेशीची हॉटेले देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. गोव्यात हंगाम सुरू व्हायला काही दिवस उरले होते. राखून ठेवलेल्या खोल्या राखलेल्याच राहिल्या. सहा महिन्यांनी महामारी आली, त्यामुळे या धक्क्याची वेगळी मोजदादही नीट झाली नाही.

दोष सगळा बाहेरच्यांचा, असाही याचा अर्थ नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये भारताने ऑनलाइन व्हिसाची सोय ज्या नऊ विमानतळांपासून सुरू केली, त्यांत गोवा होता. मागणी जुनी होती, सोय उशिरा आली, पण आली. महामारीनंतर मात्र ब्रिटिश नागरिकांसाठी ती बराच काळ बंद राहिली आणि २०२२ च्या हंगामाच्या तोंडावर त्यांना व्हिसासाठी स्वतः केंद्रावर हजर राहण्यास सांगण्यात आले. दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी एवढे सव्यापसव्य कोण करील? डिसेंबरमध्ये सोय पुन्हा सुरू झाली, तोवर अर्धा हंगाम उलटला होता. या एका निर्णयाने जेवढे ब्रिटिश पर्यटक गेले, तेवढे सगळे टॅक्सीवाले मिळूनही पिटाळू शकले नसते.

आकडे थोडक्यात. महामारीपूर्वी, २०१९ मध्ये, गोव्यात नऊ लाखांहून अधिक विदेशी पर्यटक आले. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास होती, म्हणजे जवळपास निम्मी. देशी पर्यटक मात्र एवढे वाढले की २०२४ मध्ये एकूण संख्या कोटीच्या घरात गेली. ‘गोवा ओस पडला’ म्हणणारे आणि ‘गोवा फुलला’ म्हणणारे, दोघेही यातला आपापला आकडा उचलतात.

आता तो राखून ठेवलेला तपशील. राइट्झ यांच्या विमानात फक्त विद्यार्थी आणि शिक्षक बसू शकत. भारताने चार्टर विमानांना दार उघडले तेव्हा त्याच जातीच्या अटी घातल्या. प्रवासी सहलीचाच असला पाहिजे, नुसते विमानाचे आसन विकायचे नाही, मुक्काम बरोबर घेतलाच पाहिजे. आणि दीर्घकाळ लागू असलेली अट अशी की या विमानांत भारतीय पासपोर्टधारकाला प्रवेश नाही.

हेतू उघड होता : नातलगांना भेटायला येणारा अनिवासी भारतीय एअर इंडियाचा ग्राहक, तो स्वस्त विमानाकडे वळू नये. हिशेब म्हणून ते समजते. परिणाम म्हणून पाहिले तर मन अस्वस्थ होते. लंडनमध्ये नोकरी करणारी, म्हापशाची भारतीय पासपोर्टधारक परिचारिका नाताळला घरी यायची तर मुंबईमार्गे, विमान बदलून, अधिक भाडे मोजून. गॅटविकहून सरळ दाबोळीला उतरणाऱ्या विमानात तिच्या शेजारणीला जागा होती, तिला नव्हती. आणि गोव्याच्या इतिहासाची एक गंमत अशी की १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. हजारो गोमंतकीय त्या वाटेने ब्रिटनला गेले, स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. त्याच परिचारिकेने भारतीय पासपोर्ट सोडून पोर्तुगीज घेतला, तर नियमाच्या नजरेत ती परदेशी. म्हणजे स्वतःच्या गावी सरळ विमानाने यायला आधी परकी होणे सोयीचे.

आणि मुक्कामाच्या सक्तीचे काय झाले? जिथे सक्ती असते तिथे पळवाट असते. नुसते आसन हवे असलेल्या प्रवाशाच्या नावे कुठल्यातरी खोलीची चिठ्ठी फाडली जाई. त्या खोलीत कोणी पाऊल ठेवीत नसे, कागद मात्र पूर्ण. १९६० च्या दशकातल्या युरोपातही किमतीच्या बंधनावर अशाच क्लृप्त्या निघाल्या होत्या. नियम करणारे बदलतात, कागद रंगवणारे सगळीकडे सारखे.

हे सगळे आज का सांगायचे? कारण चार्टर ‘परत आणण्यासाठी’ विमानतळ शुल्कात सवलत द्या, परदेशांत रोड-शो करा, अशी मागणी पुन्हा जोर धरते आहे. आणि आता प्रश्न एकट्या गोव्याचा उरलेला नाही. पेडणे तालुक्यात मोपा येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, शिरोडा ही गावे विमानतळापासून कोलव्याच्या किनाऱ्यापेक्षा जवळ आहेत. सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा घोषित करून पाव शतकाहून अधिक काळ लोटला, चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या विमानसेवेचे रडगाणेही लगेचच सुरू झाले. तेव्हा दक्षिण कोकणातल्या किनाऱ्यावर ‘आपल्याकडेही चार्टर आणू’ ही हाक ऐकू आली, तर नवल वाटू नये.

तारकर्ली-देवबागमध्ये, भोगव्यात, आचऱ्यात जे पर्यटन वाढले ते घरगुती निवासाचे आहे. पुण्या-मुंबईचा, कोल्हापूर-बेळगावचा पाहुणा फोन करून येतो, दर मालवणी घरातली वहिनी ठरवते, सुरमईचा भाव वाढला की थाळीचाही वाढतो. त्यातही दोष आहेत : सुट्ट्यांत तोबा गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट, सांडपाण्याची हेळसांड. पण किंमत ठरवण्याचा अधिकार अजून त्या ओटीवर आहे. राखून ठेवलेल्या खोल्यांच्या करारावर सही झाली की पहिल्यांदा तो जातो, आणि गेल्याचे कळायला दोन-तीन हंगाम लागतात.

चार्टर येऊच नये, असा या इतिहासाचा कौल नाही. कॅनरी बेटांवर ते सहा दशकांहून अधिक काळ टिकले आहे. तिथे बारा महिने सौम्य हवा आहे, युरोपहून अंतर चार-पाच तासांचे आहे, आणि एका देशाने पाठ फिरवली तर दुसरे चार देश आहेत. गोव्याचा आणि कोकणाचा हंगाम पावसामुळे सहा-सात महिन्यांचाच, अंतर दुपटीहून अधिक, आणि ग्राहक दोन-तीन देशांचे. या फरकाकडे काणाडोळा करून कॅनरीचे आकडे दाखवणाऱ्या सादरीकरणांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

सार्वजनिक पैशातून सवलत द्यायचीच असेल, तर सहल-कंपनी आणि हॉटेल यांच्यातल्या करारात दोन गोष्टींची अट सरकारला घालता येईल : राखलेल्या खोल्या ठरावीक मुदतीनंतर सोडल्यास भरपाई, आणि आगाऊ रकमेचा काही भाग भारतीय बँकेत ठेव. ग्राहकासाठी जी हमी ब्रिटनने १९७० च्या दशकात उभी केली, तिचे हे इकडचे रूप झाले. कंपन्या नकार देतील, श्रीलंकेकडे बोट दाखवतील. तो नकार निदान सवलत देण्याआधी ऐकायला मिळेल.

आणि मँचेस्टरहून मोपाला सरळ विमान येणारच असेल, तर त्यातले आसन म्हापशाच्या त्या परिचारिकेलाही विकत घेता आले पाहिजे, तिच्या निळ्या पासपोर्टवर, मुक्कामाची खोटी चिठ्ठी न फाडता.